भिमाजी पाळकांच्या हातची भाकर

भिमाजी आढाव श्रीरामपूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते, तेव्हा त्यांचा उपदेश ऐकायला राहुरी-बेलापूरकडूनही माणसं येत. आवाज मोठा नव्हता, पण ऐकणाऱ्याला पेचात धरायची त्यांची हातोटी होती. देव तारण, म्हणजे पापातून सुटका, देतो, पण ते कुणाच्या गळ्यात बांधत नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं सांगणं. हो म्हणायचं की नाही, ते माणसानं ठरवायचं; आणि एकदाच नव्हे, रोज सकाळी उठून ठरवायचं.

घरात मात्र त्यांना विरोध होता. त्यांच्या पत्नी विजयमालाबाई शाळेत शिकवायच्या. त्यांचं मत नेमकं उलटं. माणूस काय ठरवणार, तो स्वतःला तरी धड ओळखतो का? देवानं आधी निवडलं, म्हणून तर आपल्याला हो म्हणायची बुद्धी होते, असं त्या म्हणत. लग्नानंतर सुरू झालेला हा वाद स्वयंपाक करताना चाले, प्रवासात चाले, पाहुण्यांसमोरही चाले. शास्त्र दोघांनाही पाठ, त्यामुळे कुणी हरत नसे. त्या वादात एकमेकांवरची माया इतकी दिसे की ऐकणाऱ्याला तिथून उठावंसं वाटत नसे.

त्यांच्या शेजारी बन्सी लोंढे राहायचा. एसटीत ड्रायव्हर होता, पुढं स्वतःची रिक्षा घेतली. त्याचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला, पण मोठेपणी दृढीकरणाची वेळ आली तेव्हा त्यानं नकार दिला. आईबापांनी लेकराच्या वतीनं दिलेला शब्द मोठं झाल्यावर आपल्या तोंडानं द्यायचा, म्हणजे दृढीकरण. ते झालं की मगच प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळीनं मिळून खायची, भाकर हातात मिळते. कपाळावर पाणी शिंपडलं तेव्हा मला कुणी विचारलं होतं का, असं बन्सीचं म्हणणं. तरी तो दर रविवारी यायचा, मागच्या बाकावर बसायचा, आणि भाकरीचं ताट आलं की मान हलवून पुढं द्यायचा.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना हे खटके. एकदा त्यांनी तक्रार केली, तेव्हा भिमाजी पाळक शांतपणे म्हणाले होते की बन्सीचा नकार खरा आहे आणि आपल्यातल्या पुष्कळांचा होकार पोकळ आहे. देवाचं आणि त्याचं काही बोलणं चाललंय, त्यात आपण पडू नये. त्यानंतर कुणी बन्सीला टोकलं नाही.

निवृत्तीनंतर पाळकांची आठवण जाऊ लागली. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे आता वाढतच जाणार. एका संध्याकाळी जेवणाआधी विजयमालाबाईंनी प्रार्थना केली आणि येशूच्या नावानं आमेन म्हटलं. पाळकांनी अगदी अदबीनं विचारलं, “हे कोण? आपल्या नात्यातले का?”

विजयमालाबाईंनी त्यांना जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी बन्सी पाळकांना कालव्याकडं फिरवायला न्यायला आला, तेव्हा त्या त्याच्यासमोर रडल्या. ज्या बाजूनं आपण जन्मभर भांडलो ती खरी असेल, तर भिण्याचं कारण नाही, हे त्यांना कळत होतं. देवानं धरलेला हात देवच सोडत नाही. पण भांडताना हे म्हणणं सोपं होतं. आता त्यांना वाटत होतं, यांनी फक्त एकदा आपल्या तोंडानं हो म्हणावं. बन्सीनं पाळकांच्या पायात चपला घातल्या आणि हात धरून त्यांना बाहेर नेलं. पाळक त्याला कधी गुरुजी म्हणत, कधी कंडक्टर. तो दोन्हीला ओ देई.

नवे पाळक रविराज तरुण होते, अभ्यासू होते आणि मनाचे चांगले होते. भाकर घेण्याआधी माणसानं स्वतःची परीक्षा करावी, असा नियम. ज्याला प्रभू कोण हेच आठवत नाही, तो परीक्षा कशी करणार, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. ते घरी आले आणि जड मनानं म्हणाले की प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीऐवजी पाळकांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला तर चालेल का.

विजयमालाबाईंनी विचारलं, “तान्ह्या लेकराला तुम्ही बाप्तिस्मा देता. त्याला काय कळतं?”

“त्याच्यासाठी आईबाप उभे राहतात, बाई.”

“मग यांच्यासाठी मी उभी राहते.”

याचं उत्तर आपल्याला शिकवलेलं नाही, असं रविराजांनी मोकळेपणानं कबूल केलं. जाताना म्हणाले, रविवारी घेऊन या त्यांना.

रविवारी पाळकांना पुढं बसवायचा प्रयत्न झाला, पण ते बन्सीचा हात सोडीनात. म्हणून तिघं मागच्या बाकावर बसले. रविराज स्वतः ताट घेऊन तिथपर्यंत आले. पाळकांनी भाकरीचा तुकडा उचलला आणि पाहत राहिले. मग त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, वर केला आणि मोडला. पाळक असताना उपासनेत मोडत, अगदी तसाच. अर्धा तुकडा त्यांनी बन्सीपुढं धरला.

“घ्या,” ते म्हणाले. “तुमच्यासाठी आहे.”

आम्ही सगळे वळून पाहत होतो. बन्सीनं या वेळी मान हलवली नाही. त्याचे डोळे भरून आले होते. तो रविराजांना हळूच म्हणाला, “मला न्हाई घेता यायची. मी अजून शबूद दिल्याला न्हाई.” आणि तो अर्धा तुकडा त्यानं पाळकांच्याच तोंडात भरवला. उरलेला अर्धा विजयमालाबाईंनी भरवला. पाळकांनी सावकाश चावून खाल्ला.

उपासना संपल्यावर बन्सी रविराजांपुढं जाऊन उभा राहिला आणि दृढीकरण कधी करता येईल, असं विचारलं. रविराजांना विचारणं भागच होतं. त्यांनी विचारलं की हा तुमचा स्वतःचा निर्णय आहे, की म्हाताऱ्या माणसाच्या मायेपोटी तुम्ही हे करता आहात.

“माझ्याच मनानं करतोय,” बन्सी म्हणाला. “तान्हा हुतो तवा कुनी इचारलं न्हाई, म्हनून रुसलो हुतो. आज इचारलं. पन ज्याला माझं नावबी ठाऊक न्हाई, त्यानं भाकर मोडून माझ्याच फुडं का धरली, ते मला इचारू नका. ते माझ्या हातातलं न्हाई.”

नाताळच्या आधी दृढीकरणासाठी बिशप आले. केस पांढरे झालेला बन्सी शाळकरी पोरांच्या रांगेत उभा राहिला आणि प्रत्येक प्रश्नाला त्यानं स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा भाकर घेतली. भिमाजी पाळक पुढच्या बाकावर होते आणि छताला टांगलेल्या कागदी चांदण्या पाहण्यात गुंगले होते. समोर काय चाललंय याची त्यांना गंधवार्ता नव्हती.

बाहेर आल्यावर रविराजांनी विजयमालाबाईंना हसत विचारलं की आता तुमच्या वादात कोण जिंकलं म्हणायचं.

त्यांनी पाळकांच्या गळ्याभोवतीचा मफलर नीट केला. “ते यांना विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “यांनी काहीतरी मुद्दा काढला असता, आणि मी घरी पोचेपर्यंत चिडून बसले असते.”

बन्सीनं रिक्षा फाटकाशी आणली. विजयमालाबाईंनी घरी तिघांसाठी मटण शिजवून ठेवलेलं होतं. त्यानं आणि विजयमालाबाईंनी मिळून पाळकांना आत बसवलं, ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून त्या बाजूचा पडदा सोडला, आणि रिक्षा हळूहळू रस्त्याला लागली.