अश्वजितचा नारळ

"नारळ फोड, नाई तं नारळ घे," मॅनेजर म्हणाला. माल चढवायच्या धक्क्यावरचे दोघं-तिघं फिसकन हसले.

अश्वजित हसला नाही. फोर्कलिफ्टची चावी मुठीत धरून तो उभा होता.

मी तिथंच फाटकी पोती शिवत बसले होते. वडनेरच्या या गोदामात सगळे मला मंदाबाई म्हणतात, तो एकटा आजी म्हणतो.

गेल्या आठवड्यात अश्वजित चण्याची पोती घेऊन फोर्कलिफ्ट ट्रकमध्ये चढवत होता. ट्रकवाल्याला वाटलं, माल भरून झाला. त्यानं गाडी पुढं घेतली. धक्का आणि ट्रकच्या मधल्या फटीत फोर्कलिफ्ट कलंडली आणि कैलास हमालाचा पाय पोत्यांखाली चिरडला. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, पण पाय काही वाचला नाही.

आणि मॅनेजरनं शोध काय लावला? दसऱ्याला सगळ्यांनी मशीनची पूजा केली, अश्वजित तेवढा नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. म्हणून मशीन कोपली!

"मशीन नाई साहेब, ट्रक सरकला," अश्वजित म्हणाला. "डायवर खाली उतरल्याबिगर माल भरू नोका, मी कवाचा सांगून राह्यलो."

"एवढा टाइम कोणापाशी हाय? अन् एक नारळ फोडाले तुले काऊन जड जाते?"

सुई माझ्या बोटात घुसली. तरुणपणी मी हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये होते. कापसाची बैलगाडी आली, की बैल सोडल्याशिवाय एकही बाई गाडीला हात लावत नसे. हे कुण्या साहेबानं शिकवलं नव्हतं.

"अरे, जुपलेल्या गाडीतून कोनी माल काढते काय?" मी ओरडले.

"मंदाबाई, तुमी पोते शिवा."

अश्वजितनं चावी सीटवर ठेवली. "कैलासभाऊचा पाय येत असन तं शंभर नारळ फोडतो," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. नारळ मग मघा हसणाऱ्यांतल्या नीलेशनं फोडला. मशीनही त्यालाच मिळाली.

दुसऱ्या दिवशी अश्वजित हमालांत दिसला. हमालांची टोळी मुकादमाची, तिथं मॅनेजरचं चालत नाही.

धक्क्याला ट्रक लागला होता. डायवर आतच बसून फोनवर बोलत होता, इंजिन चालू. पाठीवर पोतं घेऊन अश्वजित कडेपर्यंत आला आणि थांबला.

"चाल ना बे, काऊन थांबला?" मागून नीलेश हॉर्न वाजवायला लागला.

अश्वजितनं मान वळवली नाही. डायवर अजून खाली उतरला नव्हता. पोतं खाली न ठेवता, ट्रकमध्ये पाऊल न टाकता, तो तसाच उभा राहिला.