दुसरी किल्ली

मी दुसरी किल्ली बोलतेय. खरं तर पहिलीने बोलायला हवं, जे काही घडलं ते तिच्यासमोर घडलं. पण ती चोराबरोबर गेली ती गेलीच.

आम्ही दोघी जुळ्या. एकाच कड्यात अडकवलेल्या. गाडी घरी आली त्या दिवशी मालकांनी पहिलीला खिशात टाकलं आणि मला बायकोच्या हातात देत म्हणाले, "ही जपून ठेव. अडीअडचणीला लागेल." बाईंनी मला स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लावलं. सहा वर्षं मी तिथेच. पहिली दिवसभर गावभर हिंडायची आणि संध्याकाळी टेबलावर येऊन पडायची. तिच्या पात्याचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू.

मालक माणूस वाईट नाही. पण एक खोड होती. गाडीतून उतरताना किल्ली तशीच ठेवायची. "दोन मिनिटांत तर येतोय," हे त्यांचं पालुपद. बाई म्हणायच्या, "अहो, एक दिवस अंगाशी येईल." ते हसण्यावारी न्यायचे.

एका सकाळी ते औषधं घ्यायला उतरले आणि परत आले तर गाडी जागेवर नाही. चोराला गाडी धड चालवता येत नसावी. पुढच्याच वळणावर ती टेलरबाईंच्या दुकानात घुसली. टेलरबाई पाणी भरायला मागे गेल्या होत्या म्हणून वाचल्या. दर्शनी भिंत पडली, शिलाई मशीन चाकाखाली गेलं, लोकांचे बेतलेले कपडे विटामातीत मिसळले. चोर पळाला. गाडीत किल्ली सापडली नाही, म्हणजे पळता पळता त्याने ती काढून खिशात घातली असणार. मालकांना सहा वर्षांत न लागलेली सवय चोराला होती.

दुसऱ्या दिवशी टेलरबाई घरी आल्या. मालकांनी हात वर केले. "गाडी काय मी घातली तुमच्या दुकानात? चोराने घातली. त्याच्याकडून घ्या भरून."

"चोर कुठे राहतो ते मला माहीत नाही," टेलरबाई म्हणाल्या. "गाडी कुठे राहते ते माहीत आहे."

त्याच दिवशी विमा कंपनीच्या तपासनिसाचा फोन आला. दोन्ही किल्ल्या दाखवायला तयार ठेवा, म्हणाला. किल्ली गाडीत सोडली असेल तर तो तुमचा निष्काळजीपणा; मग तुमच्या गाडीचं काही मिळणार नाही आणि त्या बाईंचं नुकसान तुम्हाला भरावं लागेल. फोन ठेवल्यावर मालक स्वयंपाकघरात आले. मग त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी घराबाहेर पडले, आणि गेले कुठे, तर किल्लीवाल्याकडे. त्याने माझ्यावरून तिसरी कापून दिली. मालकांनी तिला एक जुनं कडं अडकवलं. झालं काम, असं त्यांना वाटलं.

तपासनीस आला. जबाबासाठी टेलरबाईंनाही बोलावलं होतं. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून कुणाची तरी बाही हाताने शिवत होत्या. मशीन नव्हतं आणि गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हतं. मालकांनी आम्हा दोघींना टेबलावर ठेवलं.

"गाडी किती वर्षं वापरताय?"

"सहा."

"रोज?"

"हो, रोज."

त्याने माझ्या दात्यांवरून अंगठा फिरवला. मग तिसरीच्या. "ही कोरी आहे. ही पण कोरीच आहे. मग सहा वर्षं गाडी कशाने सुरू करत होता?"

मालकांनी बायकोकडे पाहिलं. बाई त्या बाहीवर चालणाऱ्या सुईकडे पाहत होत्या.

"रोजची किल्ली गाडीतच राहिली होती," बाई म्हणाल्या. "त्यांची नेहमीचीच सवय."

 मला बरं वाटलं. सहा वर्षं मी काहीच केलं नव्हतं, आणि नेमकं तेच त्या दिवशी कामी आलं.

कंपनीने गाडीचं काही दिलं नाही. दुकानाचं मालकांवर आलं. "एकदम नाही जमायचं," ते खालच्या आवाजात म्हणाले. तेव्हा बाईंनी आम्हा दोघींना उचललं आणि टेलरबाईंच्या हातावर ठेवलं. "सगळं भरून होईपर्यंत या तुमच्याकडे राहू देत."

आता भिंत नवी आहे, मशीन जुनंच पण चालू आहे, आणि मी तिसरीसोबत कात्रीशेजारच्या खिळ्याला आहे. गाडी दुरुस्त होऊन दारात उभी असते म्हणे. मालक कामाला चालत जातात. महिन्याच्या सुरुवातीला हप्ता द्यायला दुकानात येतात, तेव्हा त्यांची नजर आधी माझ्याकडे जाते.

टेलरबाई पाणी भरायला मागे गेल्या तरी आम्हा दोघींना काढून पर्समध्ये टाकतात. परवा मालक म्हणालेच, "अहो, दोन मिनिटांचं तर काम. राहू दे की तिथे."

"दोन मिनिटांतच गाडी आत आली होती," टेलरबाई म्हणाल्या आणि पर्सची चेन लावली.

आत अंधार असतो, पण मला चालतं. तुम्हाला एवढंच सांगायचंय, गाडीतून उतराल तेव्हा आम्हाला बरोबर घ्या. चोरसुद्धा घेतो.