पाचव्या बोटाचा आळ

अंडी उबवायला कोंबडीच लागते असे तुम्हाला वाटत असेल, तर मित्रांनो, माझी ओळख करून घ्या. मी नाशिकच्या एका कॉलेजातली जुनी उबवणपेटी आहे. माझे अंग सागवानी आहे. पंचवटीतल्या एका सुताराने चाळीस वर्षांपूर्वी मला घडवले. आत-बाहेर दुहेरी फळ्या आणि त्यांच्या मधोमध ठासून भरलेला लाकडाचा भुसा. आत तीन कप्पे, खाली ऊब देणारा दिवा आणि पाण्याचे पसरट भांडे. नाशिकच्या थंडीतही माझ्या पोटातली ऊब हलत नसे.

प्राणिशास्त्राच्या कितीतरी मुलांनी माझ्यात ठेवलेल्या अंड्यांतून इवल्याशा हृदयाची धडधड पाहिली. पुढे ते प्रात्यक्षिक बंद झाले. मला कोपऱ्यात सरकवले. माझ्यावर जुन्या तक्त्यांच्या गुंडाळ्या आल्या, मग मोडकी स्टुले आली. प्रयोगशाळेतले परिचर लहानूकाका तेवढे अधूनमधून माझ्यावरची धूळ पुसत. भंगाराच्या यादीत माझे नाव चढले आहे, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले.

त्याच वर्षी डॉ. हर्षाली आहेर आल्या. मूळच्या नांदगावच्या. पीएच.डी. झालेल्या, आणि आता सहा महिन्यांच्या संशोधनासाठी त्यांची आमच्या विभागात नेमणूक झाली होती. अंड्यातल्या पिल्लाचे पाय कसे घडतात, हा त्यांचा विषय. कळवणच्या बाजारात त्यांना धोंडाबाई भेटल्या होत्या. धोंडाबाईंच्या गावठी कोंबड्यांच्या पायाला चाराऐवजी पाच बोटे होती. हे जास्तीचे बोट आईबापांकडून पिल्लांत उतरते का, आणि अंड्यात ते केव्हा फुटते, हे हर्षालीताईंना शोधायचे होते.

विभागातले उबेचे नवे यंत्र जंतू वाढवण्यात गुंतले होते. लहानूकाकांनी त्यांना माझ्यापाशी आणले. ताईंनी स्टुले उतरवली, दार उघडले आणि आत हात घालून फळ्या चाचपल्या. दोनच दिवसांत नवा दिवा, नवा तापमापक आणि दाराला नवी रबरी पट्टी लावून मी पुन्हा कामाला लागले. त्या दिवशी मला झालेला आनंद काय सांगू!

धोंडाबाईंकडची पहिली बारा अंडी दहाव्या दिवशी उघडली. सात गर्भांच्या पायांवर पाचव्या बोटाचा कोंब स्पष्ट दिसत होता. ताईंनी भिंगाखाली तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि त्याची चित्रे काढली. पण काम तपासायला बाहेरून एक प्राध्यापक आले. त्यांनी चित्रे पाहिली, मग माझ्याकडे पाहिले.

"ही पेटी चाळीस वर्षांची आहे," ते म्हणाले. "ऊब कमीजास्त झाली की गर्भात दोष येतात. हे बोट वंशाचं नाही, पेटीचं आहे."

मित्रांनो, मोडकी स्टुले अंगावर घेतली तेव्हाही मला एवढे लागले नव्हते. आणि हा घाव माझ्या एकटीवर नव्हता. आळ खरा ठरला असता, तर ताईंचे चार महिने पाण्यात गेले असते. नेमणुकीचे दोनच महिने उरले होते.

ताई भांडल्या नाहीत. तेही तपासून बघते, एवढेच त्या म्हणाल्या. सर गेल्यावर लहानूकाकांनी आपली वही पुढे केली.

"मॅडम, दिवसातून तीनदा आकडा लिहिलाय मी. ही पेटी खोटी नाय."

"माझा विश्वास आहे, काका. पण सरांना विश्वास नको, पुरावा हवा. आणि त्यांनी मागितला ते बरोबरच आहे."

ताईंनी माझ्या तिन्ही कप्प्यांत वेगवेगळे तापमापक ठेवले. खोटे कशाला सांगू, माझा वरचा कप्पा अर्ध्या अंशाने जास्त गरम निघाला. मी मनातून खजील झाले. ताईंनी मात्र तो आकडा जसाच्या तसा वहीत उतरवला आणि त्यावर उपाय शोधला. धोंडाबाईंकडची बारा अंडी आणि विंचूरजवळच्या एका शेतातल्या चार बोटांच्या कोंबड्यांची बारा अंडी. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण केली आणि प्रत्येक कप्प्यात दोन्हीकडची चार-चार अंडी शेजारी शेजारी मांडली. दोष माझ्या उबेत असेल, तर तो दोन्हीकडच्या अंड्यांना बाधेल. या वेळी अंडी मध्येच उघडायची नव्हती. पिल्ले बाहेर येईपर्यंत थांबायचे होते.

ते एकवीस दिवस मी जिवाचे रान केले. लहानूकाका वेळेवर अंडी फिरवत, भांड्यात पाणी घालत. दुपारी वीज गेली की मी दार घट्ट मिटून आतली ऊब धरून ठेवी आणि काका दाराला कोणाला हात लावू देत नसत.

एकविसाव्या दिवशी धोंडाबाई एसटीने कळवणहून आल्या. दुपारपर्यंत माझ्या पोटात नुसता चिवचिवाट झाला. ताई एकेक पिल्लू हातात घेऊन बोटे मोजत होत्या आणि काका लिहून घेत होते. विंचूरकडची बाराही पिल्ले चार बोटांची निघाली, वरच्या गरम कप्प्यातलीसुद्धा. धोंडाबाईंच्या अकरा अंड्यांतून पिल्ले आली. त्यांतली आठ पाच बोटांची होती, आणि ती तिन्ही कप्प्यांत होती.

धोंडाबाईंनी एक पिल्लू पदरात घेतले. "ह्यांच्या आजीला पण पाच बोटं व्हती, मी पयल्या दिशीच बोलले व्हते," त्या म्हणाल्या. "पर तुमी मोजून दाखवलं, ते लय चांगलं केलं, ताई."

सरांना आकडे पाठवले. त्यांचे उत्तर आले की बोट वंशाचेच आहे, आपली शंका फिटली. लहानूकाकांनी ते पत्र माझ्यासमोर उभे राहून मोठ्याने वाचले.

सहा महिने संपले आणि ताई पुढच्या कामासाठी गेल्या. पिल्लांच्या रक्ताचे नमुने त्यांनी सोबत नेले. त्या बोटामागचे जनुक आता त्या शोधत आहेत. जाण्यापूर्वी त्यांनी माझे नाव भंगाराच्या यादीतून काढायला लावले. त्यांच्या छापील लेखात माझ्यावर अख्खा परिच्छेद आहे. वरचा कप्पा अर्धा अंश गरम, हेही त्यात लिहिले आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही प्रयोगशाळेत कोपऱ्यात एखादे जुने यंत्र असेल. त्याच्यावर सामान रचू नका. त्याची धूळ पुसा, त्याच्यात काय उणे आहे ते खरे खरे लिहून ठेवा. मग त्याला काम द्या आणि बघा.