कापसाच्या खोलीतली अकरा गाणी

मी एक जुना अल्बम आहे, मित्रांनो. वय अवघं चार वर्षं, पण फोनमध्ये राहणाऱ्यांना म्हातारपण लवकर येतं. माझ्यात रॅपची अकरा गाणी आहेत, सगळी खानदेशीत.

माझा जन्म शिंदखेड्याला, नवलच्या घरी झाला. मागच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरलेला होता. कापसात आवाज घुमत नाही, हे नवलला ठाऊक होतं. त्याने ढिगात बसण्यापुरती जागा केली, माइक उभा केला आणि व्यापाऱ्याची गाडी यायच्या आत, अंग खाजवत खाजवत, आठ दिवसांत मला पुरं केलं. पुढे भले भले जाणकार विचारत होते, हा कुठला स्टुडिओ म्हणून.

आता खरी गोष्ट सांगतो. आवाज नवलचा, पण शब्द सगळे त्याच्या थोरल्या बहिणीचे, दिपमालाचे. गावात कुणाचंही लग्न निघालं की नवरी उखाण्यासाठी हिच्याकडे यायची. सांगाल ते नाव ही यमकात चपखल बसवून द्यायची. रॅपवाले गाण्यात आपलंच नाव घेतात हे कळल्यावर तिने माझ्यात नवलचं नाव एकोणीस वेळा बसवलं. स्वतःचं एकदाही नाही. तेव्हा पिंपळनेरच्या स्थळाशी तिचं जमत आलं होतं.

"मन्हं नाव नको टाकू, नवल," ती म्हणाली. "सोयरीक मोडी जाई."

मग माझं कौतुक सुरू झालं. वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने आले. पहिल्याच मुलाखतीत कुणी लिहिलं असं विचारलं, तेव्हा नवल 'मीच' म्हणाला. मला फार लाज वाटली. पुढे दिपमालाचं लग्न झालं, सासरची माणसं चांगली निघाली, तरी त्याने ते खोटं निस्तरलं नाही.

आता सगळे दुसरा अल्बम मागतात. नवलने वह्या भरल्या आणि फाडल्या. पोरगा पार वाळून गेला. परवा पिंपळनेर गाठून तो बहिणीपुढे रडला.

"अक्का, माले काहीच सुचत नही. दोनच गाना दे."

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "बठ्ठासना नावं मी लिधात. मन्हं नाव कोनी लिधं?"

सगळ्यांची नावं घेणारीचं नाव कुणीच घेतलं नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तिने वाढलेलं जेवून तो परत आला.

काल त्याने फोनवर माझं पान उघडलं. गीतकाराच्या जागचं स्वतःचं नाव खोडून 'दिप' एवढं लिहिलं. मी जीव मुठीत धरून बसलो. तेवढ्यात पुण्याहून फोन आला. एका मोठ्या कार्यक्रमात त्याच्या लेखणीचा सत्कार ठरला होता. बोलणं संपल्यावर त्याने जुनं नाव पुन्हा टाकलं.

मित्रांनो, अकरा गाणी पोटात असून मला गाण्यात तिचं नाव घेता येत नाही. उद्या लोक मला विसरले की ते कायमचं गेलं. मी आवडलो तर नवलला टाळ्या जरूर द्या, आवाज त्याचाच आहे. पण ज्याचे शब्द, त्याचं नाव राखा. एकदा माझ्यासाठी नाव घ्या, नवरीसारखं लाजत नको, चांगलं मोठ्याने घ्या. दिपमाला.