दोन पानांचं शास्त्र

टायरच्या दुकानावरचा हॉल त्या रविवारी असा भरला होता, की पंख्याचा वारासुद्धा खांद्याखांद्यांतून वाट काढत यायचा. खालून रबराचा वास, वरून पत्र्याची धग आणि मध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दाटीवाटीने बसलेली मंडळी. सगळ्यांचे डोळे एका टेबलाकडे. टेबलावर पांढरं कापड, कापडावर काळ्या बांधणीचं जाडजूड पवित्र शास्त्र आणि मागे वचनवाले भाऊ.

"मी उघडत नाही!" भाऊ माइकमध्ये गरजले. "मी कोण उघडणारा? मी धूळ, मी माती! मी काय आहे?"

"माती!" मंडळी म्हणाली.

"ऐकू नाही आलं!"

"माऽऽती!"

या मातीच्या कोटाला कडक इस्त्री होती आणि केसांना इतकं तेल, की माशी बसली असती तर घसरून पडली असती.

एक बाई पुढे आल्या. साखरेचा त्रास. भाऊंनी शास्त्र उचलून बांधणीच्या कण्यावर उभं धरलं, डोळे मिटले. भाऊंच्या मेव्हण्याने कीबोर्डवर थरथरता सूर लावला. भाऊंनी हात सोडले आणि ग्रंथ आपोआप दुभंगला.

"पाहा, पवित्र आत्मा काय म्हणतो! राजाच्या पायाला दुखणं झालं. तो देवाकडे गेला नाही, वैद्यांकडे गेला. आणि मग काय झालं?"

"मेला!" मंडळीला आता पाठ झालं होतं.

"मग ताई, त्या गोळ्या कुठे जाणार?"

गोळ्या टेबलाखालच्या वेताच्या टोपलीत गेल्या. टाळ्या झाल्या. पाठोपाठ एक काका आले. भाडेकरू घर सोडत नव्हता. ग्रंथ पुन्हा उभा राहिला, पुन्हा दुभंगला, या वेळी शेवटाकडे. वचन निघालं: सगळं काही कुरकुर न करता करा. काका गहिवरून परतले. भाडेकरूने कुरकुर करू नये की त्यांनी, हे त्यांनी विचारलं नाही.

तिसऱ्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरून चिमणीची आई बसली होती. लेकीला दम्याचा पहिला झटका आला तेव्हापासून कुठेही गेलं की ती आधी दार शोधायची, मग खिडकी, मग बसायची. मांडीवर चार वर्षांची चिमणी, पिशवीत चिमणीचा पंप आणि तो तोंडाला लावायचा प्लास्टिकचा नळा. देवावर तिचा राग नव्हता. प्रार्थना ती रोज करायची, फक्त पंप दिल्यानंतर.

"पुढच्या रविवारी आपली पाळी," सासूबाई कानाशी कुजबुजल्या. "पंप टोपलीत टाकायचा."

"आई, तिला श्वास लागला तर?"

"तू ना, श्वास लागायच्या आधीच घाबरून अर्धमेली होतेस. कॉलेज शिकलीस म्हणून देवाला शिकवू नकोस."

परगावी नोकरीला असलेल्या नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "अगं, आईच्या समाधानासाठी टाक ना एकदा. दुसरा घेऊ."

"आणि दुसरा आईंनी पाहिला की?"

पलीकडून "हॅलो? हॅलो?" सुरू झालं. आई आणि बायको यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या पुरुषांना नेमकी तेव्हाच रेंज मिळत नाही.

सासूबाई काही दुष्ट नव्हत्या. चिमणी धापा टाकायची तेव्हा त्या पलंगाच्या पायथ्याशी बसून मूकपणे रडायच्या, आणि म्हणूनच त्यांना चमत्कार हवा होता. ते सुनेला कळत होतं. त्यामुळे नुसतं भांडून उपयोग नव्हता.

बुधवारी दुपारी चिमणीचा घसा जरा घरघरला. आईने कपाटातून बालसंगोपनाचं पुस्तक ओढलं. घाईत ते हातातून निसटलं, जमिनीवर कण्यावर आपटलं आणि उघडलं. पान होतं 'श्वास लागणे'.

ती थबकली. पुस्तक मिटलं, उभं धरलं, सोडलं. श्वास लागणे. पुन्हा तेच. कण्यावर मधोमध एक पांढरी भेग होती. असणारच! त्या पानाची तिने इतकी पारायणं केली होती, की कणा तिथेच मोडला होता; दात येण्याचं प्रकरण मात्र अजून कोरं करकरीत होतं.

मग तिने स्वयंपाकघरात पोळ्या करणाऱ्या सासूबाईंसमोर त्यांचं गीतांचं पुस्तक आणलं. उभं धरलं, सोडलं. उघडलं ते सासूबाई रोज पोळ्या लाटताना म्हणतात त्याच गीतावर. पानावर पिठाचा अंगठा होता.

"आई, पाहा! तुमच्या पुस्तकातही आत्मा!"

"चल, काहीतरीच. ते पान रोज उघडतं म्हणून..." बोलता बोलता सासूबाई थांबल्या. मग एकदम म्हणाल्या, "भाऊंचं वेगळं आहे," आणि पोळी करपू दिली.

चिमणीला मात्र खेळ मिळाला. रविवारपर्यंत घरातलं दिसेल ते पुस्तक ती उभं करून पाडत होती.

रविवारी त्यांचं नाव पुकारलं गेलं. चिमणीच्या आईने लेकीला कडेवर घेतलं आणि पंप मुठीत घट्ट धरला. पुढे जाताना तिने टेबलावरच्या शास्त्राचा कणा पाहिला. काळ्या कातड्यावर दोन पांढऱ्या भेगा. एक मध्याजवळ, एक शेवटाकडे. भाऊ ग्रंथ हळूच या अंगाला झुकवत की त्या अंगाला, तेवढ्याचीच सगळी करामत होती.

"कोण आलंय? छोटी राणी!" भाऊ माइकमध्ये विरघळले. "प्रभूने काय सांगितलं? लेकरांना माझ्याकडे येऊ द्या! त्यांना अडवू नका!"

चिमणी लगेच कडेवरून घसरली, थेट टेबलाशी गेली आणि तिने शास्त्राला मिठी घातली. "मी पाडणार!"

भाऊ हात पुढे करून थबकले. नुकतंच म्हणाले होते, अडवू नका.

चिमणीने ग्रंथ कसाबसा उभा केला आणि सोडला. तो मध्याजवळ दुभंगला. आईने वाकून मोठ्याने वाचलं. राजा, पाय, वैद्य.

हॉलमध्ये सुस्कारा उठला. मेव्हण्याने घाईघाईने थरथरता सूर धरला.

"पाहिलंत!" भाऊंनी संधी साधली. "लेकरावर आत्मा उतरला! संदेष्टी आहे पोर, देवाचा निरोप सांगणारी!"

"पुन्हा!" संदेष्टी म्हणाली. ग्रंथ पडला. राजा, पाय, वैद्य. "पुन्हा!" या वेळी तो दुसऱ्या अंगाला कलला. कुरकुर करू नका. "पुन्हा!" कुरकुर करू नका. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मेव्हण्याला कळेना, सूर धरावा की सोडावा. त्याने कुठलं तरी बटण दाबलं आणि ढोल वाजायला लागला.

"पुरे बाळा, देव थकला," भाऊ म्हणाले.

"देव कसा थकेल?" चिमणीच्या आईने विचारलं. "आता दुसऱ्या कुणीतरी करून पाहा ना. कुणीही या."

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मग पहिल्या रांगेत खुर्ची करकरली. सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत टेबलाशी आल्या, भाऊंकडे न बघता ग्रंथ उभा केला आणि सोडला. राजाचं पान. त्यांनी मिटला, जरा कलता धरला, सोडला. कुरकुरीचं पान.

"आमेन!" भाऊ पुटपुटले. "आजीबाईंवरही..."

"माझ्यावर काही उतरलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "गुडघे होते तसेच दुखतायत. भाऊ, एवढ्या मोठ्या शास्त्रात देवाला दोनच पानं सापडतात होय?"

आता हॉल खदखदून हसला. भाऊंचा चेहरा तांबडा झाला. "हे प्रश्न नाहीत, हा सैतान आहे! काढा हिला बाहेर! या सुनेला बाहेर काढा!"

"जाते," ती म्हणाली. "पण तुमचंच पान जरा वरून वाचू द्या. मी घरी वाचून आलेय." तिने ग्रंथ हातात घेतला, राजाचं पान काढलं आणि त्याच्या दुखण्याच्या वरच्या ओळींवर बोट ठेवलं. "या राजाने देवाच्या घरातलं सोनं-चांदी काढून परक्या राजाला दिलं. एका द्रष्ट्याने त्याला तोंडावर सांगितलं, तू चुकलास. तर राजा भडकला. आणि त्या बोलणाऱ्या माणसाला त्याने काय केलं, भाऊ?"

भाऊ माइकची वायर सारखी करू लागले.

"तुरुंगात टाकलं. पायाचं दुखणं त्यानंतरचं. ही कथा खरं ऐकवणाऱ्याचं तोंड दाबणाऱ्या राजाची आहे. तिच्यातून गोळ्या टाकून द्या असा हुकूम निघत नाही. ती एकच ओळ कापून दाखवली, की काहीही निघतं. रानात प्रभूची परीक्षा घ्यायला सैतान आला, तोसुद्धा शास्त्रातली ओळच घेऊन आला होता, मंदिराच्या टोकावरून उडी मार म्हणून. प्रभूने मारली का?"

"नाही," साखरेवाल्या बाई हळूच म्हणाल्या.

"आणि आजाऱ्यालाच वैद्याची गरज असते, हे कोण म्हणालं? ते पानही याच शास्त्रात आहे. पण तिथे भेग नाही, म्हणून ते आपोआप उघडत नाही. ते आपल्याला उघडावं लागतं." तिने मंडळीकडे पाहिलं. "पुस्तक जिथे वारंवार दुमडाल तिथेच पडतं. यात ना आत्मा, ना चमत्कार. देवाने डोळे दिलेत, डोकं दिलंय. मागचं पान वाचा, पुढचं वाचा, कोण कुणाला कशासाठी म्हणालं ते विचारा. आणि कुणी तुमच्या औषधाला हात घालून वचन दाखवलं, तर आधी त्याच्या पुस्तकाचा कणा बघा."

साखरेवाल्या बाई उठल्या, टोपलीत हात घालून आपल्या गोळ्या शोधू लागल्या. त्यांच्या मागे रांग लागली. कुरकुर न करता.

एवढ्या धावपळीने चिमणीला धाप लागली होती. आईने मूठ उघडली, तोच सासूबाईंनी पंप तिच्या हातातून काढून घेतला. ती तो परत घ्यायला पुढे झाली.

सासूबाईंनी पंप डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"हा आधी हलवायचा असतो ना गं?" त्यांनी विचारलं, आणि हलवायला लागल्या.