भिंतीकडे तोंड

"चोऱ्या शिकायला पुण्याला जायचंय व्हय रे?" रंगनाथसरांनी अर्ज टेबलावर आपटला.

"स्पर्धा हाय सर. समोरच्याच्या कॉम्प्युटरचं कुलूप उघडायचं, आपलं सांभाळायचं. मालकाची सही लागती," महेंद्र म्हणाला.

अठ्ठ्याण्णव साल. केडगावच्या त्या ऑफिसात दूध डेअऱ्यांसाठी प्रोग्रॅम लिहिले जात, आणि त्यातले निम्मेअधिक महेंद्र एकटाच लिही. मुख्य पासवर्ड मात्र फक्त सरांकडे. तो टाकायची वेळ आली, की बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. महेंद्र नोकरीला लागला त्याच दिवशी हा नियम निघाला. "या, सरकारचे जावई!" असं म्हणत सर त्या दिवशी खदखदून हसले होते. राखीव जागेवर इंजिनीअर झालेल्या बौद्धाच्या पोराला हे नवीन नव्हतं. त्यानं गिळलं. दोन वर्षांत त्या भिंतीचा पोपडा न् पोपडा त्याला पाठ झाला होता.

"माझं कुलूप उघडून दाव. आत्ता, या बन्सीसमोर. लगेच सही करतो." कुलूप सरांनी स्वतः बनवलेलं, त्याची त्यांना भारी घमेंड. ऑपरेटर बन्सीनं खुर्ची पुढे ओढली.

महेंद्रला दहा मिनिटंही लागली नाहीत. पासवर्ड साध्या फाइलमध्येच होता, फक्त प्रत्येक अक्षर एक घर पुढे सरकवलेलं. शाळेतली पोरं असली गुप्त भाषा खेळतात. त्यानं कागदावर के, बी, डब्ल्यू, बी, जे लिहिलं आणि एकेक अक्षर मागे घेत गेला. शेवटचं अक्षर लिहिताना त्याच्या अंगाची लाहीलाही झाली. दोन वर्षं, रोज सकाळी, त्याच्याच पाठीमागे!

सरांनी कागद पाहिला. आवाज एकदम खाली आला. "उघडलं न्हाई म्हण. सही देतो."

अर्जाची मुदत आज संपत होती. महेंद्रला ती सही जिवापाड हवी होती, आणि हवी होती याचाच त्याला संताप आला.

"उघडलंय सर," असं म्हणून तो मोठ्यानं वाचू लागला. "जे. ए. व्ही. ए. आय."

"जावई?" बन्सी हसला. "पन सर, तुमाला तर पोरगीच न्हाई."

बन्सीनं एकदा महेंद्रकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं.

बिनसहीच्या अर्जाची घडी घालून महेंद्रनं ती खिशात ठेवली. दारातून त्यानं मागे पाहिलं. रंगनाथसर भिंतीकडे तोंड करून उभे होते.