अडतीसचा कोट

शुक्रवारी सकाळी बारकी आली आणि दारातच आईच्या गळ्यात पडली. पडली ती दोन मिनिटं सोडेचना. मी मागे तिची बॅग धरून उभी. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि बारकीचे डोळे भरून आलेले. मी मनात म्हटलं, झालं, सुरू झालं नाटक. वर्षातून दोनदा यायचं, दारात रडायचं, तीन दिवस कौतुक करून घ्यायचं आणि निघायचं. उरलेल्या तीनशे साठ दिवसांच्या गोळ्या, चहा, चष्मा कुठे ठेवला, दार कोणी उघडं टाकलं, ते सगळं बघायला मी आहेच की.

बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. वय सेहेचाळीस, तरी बारकीच. दुसऱ्या शहरात एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, शिवणकाम करते. खाली दुकान, वर घर. बाबा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, आई माझ्याकडे आहे. रविवारी तिला पंचाहत्तर पुरी होणार होती आणि सोमवारी सुट्टी, म्हणून बारकी सलग तीन-चार दिवस राहायला आली होती. एकटीच आली. नवऱ्याला रजा नाही म्हणे.

आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. आई स्वतः शिवायची. तिनंच मला मशीनवर बसवलं. वाढदिवसाला ती आम्हाला नवा कपडा शिवायची, पण कधी माप घ्यायची नाही आणि ट्रायल द्यायची नाही. सकाळी उठलं की उशाशी कपडा, आणि अंगात घातला की बरोबर बसायचा. ती म्हणायची, "घरच्या माणसाचं माप ज्याला नजरेनं घेता येत नाही, त्यानं गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावू नये." ही रीत पुढे मी चालवली. बारकीला साधं बटण लावता येत नाही, त्यामुळे हे एक खातं तरी पूर्ण माझं होतं.

या वेळी मी आईला कोट शिवला होता. गडद निळा, पातळ लोकरीचा, आत रेशमी अस्तर, काज हातानं केलेले. महिनाभर गिऱ्हाइकांचं काम आवरलं की तो काढून बसायचे. आईचा कागद, म्हणजे तिच्या मापाचं कागदी कटिंग, मशीनमागच्या खिळ्याला टांगलेला असतो. छाती अडतीस. तो काढला, कापडावर ठेवला आणि कात्री चालवली. डोळे मिटून कापला असता तरी चुकले नसते, असं मला वाटत होतं.

बारकीनं आल्या आल्या आईचा ताबा घेतला. शनिवारी सकाळी आईचे केस धुतले, नखं कापली. दुपारी दोघी आतल्या खोलीत दार लोटून बसल्या आणि हसण्याचे आवाज येऊ लागले. माझ्याजवळ आई अशी हसत नाही. माझ्याजवळ ती विचारते, "गॅस बंद केलास का?" मी बाहेर बटाटे सोलत होते. सालीबरोबर अर्धा बटाटा जात होता, तेव्हा आमचे हे म्हणाले, "अगं, बटाट्यानं काय केलंय तुझं?"

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं.

"दुरून डोंगर साजरे असतात गं. लक्ष देऊ नको."

"तेच म्हणतेय मी. डोंगर दुरून येतो, आणि घरची टेकडी कोणाला दिसत नाही."

ते हसले आणि पेपरात डोकं घालून बसले. त्यांना काय कळणार? ते एकुलते एक.

जेवतानाही तेच. बारकी आईच्या ताटात थोडं थोडं वाढत होती, दर घासाला "अजून एवढंच" म्हणत होती. मी म्हटलं, "ती लहान आहे का? भूक असली की जेवते ती." बारकीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला ते पाहणंसुद्धा आवडलं नाही. नर्सचं पाहणं.

संध्याकाळी ती आईला घेऊन चालायला गेली, आणि मी जे करायला नको ते केलं. तिच्या बॅगेत एक चपटा खोका होता, फुलाफुलांच्या कागदात बांधलेला. शुक्रवारीच दिसला होता तो मला. वरून चाचपला तर आत कापड. जाड कापड. चिकटपट्टी नखानं हळूच सोडवली आणि आत बघितलं. कोट. दुकानातला तयार कोट, करडा, मशीनचे काज.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या मोठ्या जगात हिला कोटच मिळाला? मी काय शिवतेय हे आईनंच तिला फोनवर सांगितलं असणार. दर बुधवारी दोघींचा तासभर फोन असतो. मी वर आले की आई म्हणते, "बरं, ठेवते आता."

मग मी गळ्याजवळची चिठ्ठी पाहिली आणि बसल्या जागी हसू आलं. सगळ्यात बारीक माप. कॉलेजातल्या पोरीला होईल असलं. आईचा हात दंडातच अडकला असता. सहा सहा महिने तोंड दाखवायचं नाही, आणि माप मात्र मनानं घ्यायचं. मी चिकटपट्टी परत जशीच्या तशी लावली. सांगितलं असतं तर तिला बदलून आणता आला असता, त्याच दुकानाची शाखा आमच्याही गावात आहे, उघडी होती. मी सांगितलं नाही. म्हटलं, होऊ दे सगळ्यांसमोर.

रविवारी सकाळी आईनं दोन्ही पुडकी उघडली. माझ्या कोटाच्या काजांवरून तिनं बोट फिरवलं. ते बोट मी बघितलं. मग बारकीचा करडा कोट मांडीवर घेतला, त्यालाही गोंजारलं. दुपारी नदीकाठच्या हॉटेलात जेवायला जायचं होतं, तिथे फोटोही काढायचे होते.

"यातला कुठला घालतेस?" मी विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला होता.

"घालून येते," आई म्हणाली. दोन्ही कोट घेऊन आत गेली. बारकी मागोमाग गेली आणि दार लागलं.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. बाहेर मी खुर्चीच्या पाठीवर नसलेली सुरकुती सारखी करत होते. बावन्न वर्षांची बाई मी, माझ्या हाताखाली दोन मुली काम करतात, आणि परीक्षेच्या निकालाला उभ्या पोरीसारखी त्या दाराकडे बघत होते. तिनं तो करडा घातला असता तर मी जेवायला गेले नसते. डोकं दुखतंय म्हणणार होते, तेही ठरवून ठेवलं होतं.

दार उघडलं. आईच्या अंगात निळा कोट होता. माझा. छातीत भरलेला, बटणं सरळ, पाठ सपाट. तिच्यामागे बारकी, मान खाली घातलेली.

"कसा बसलाय?" आई म्हणाली.

"नजरेचं माप आहे," मी म्हटलं, आणि बारकीकडे बघून म्हटलं. "तुझाही छान आहे हो. जरा लहान पडला असेल, नाही?"

"हो," बारकी म्हणाली. "लहान पडला."

हॉटेलात मी दोनदा वाढून घेतलं. फोटोत आईच्या उजव्या हाताला मी बसले. वेटरनंही कोटाचं कौतुक केलं, तेव्हा मी त्याला काज हातानं कसे करतात ते सांगत बसले आणि त्याचं सूप थंड झालं, म्हणजे आमचं. ऊन चांगलं चढलं होतं. आईच्या कपाळावर घाम आला. मी म्हटलं, "काढ आता, खुर्चीला लाव." ती म्हणाली, "राहू दे, छान वाटतंय." बारकी रुमालानं तिचा गळा टिपत होती. मला वाटलं, बघा, कोट काढवत नाही तिला. इतक्या सुखानं फार दिवसांत जेवले नव्हते.

घरी आलो तेव्हा आईचा चेहरा लाल झाला होता. ती पलंगाच्या कडेला बसली. बारकी पाणी आणायला गेली, आणि मी आईची बटणं सोडवायला वाकले.

"मी काढते," आई घाईनं म्हणाली.

"अगं, काढू दे ना."

आत स्वेटर होता. तो वर केला तर आत अजून एक स्वेटर. त्याच्या आत, छातीभोवती गुंडाळून टाचण्या लावलेला, अंग पुसायचा टॉवेल. ओलाचिंब झालेला. तो मी सोडवला आणि आई माझ्यासमोर उरली, तेवढीशी. गळ्याची हाडं, खांद्याची हाडं. घरात ती ढगळ गाऊन आणि वरून शाल घेऊन असते. मी रोज तिला चहा देत होते, आणि मी काय बघत होते कोण जाणे.

बारकी ग्लास घेऊन दारात उभी होती.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"आईनं फोनवर सांगितलं होतं," ती म्हणाली. "तरी दारात मिठी मारली तेव्हा मलाही धक्का बसला, ताई."

म्हणजे सांगितलं. तिला सांगितलं, मला नाही. खरं सांगते, आईच्या हाडांआधी मला तेच टोचलं. लाज वाटते, पण टोचलं.

"एका घरात राहतो आपण," मी आईला म्हटलं. "मला का नाही सांगितलंस?"

आईनं ग्लास घेतला, दोन घोट प्यायली. "ती बघते ना, की मला लगेच किती दिवस झाले, किती किलो गेलं, ते सगळं तिच्या तोंडावर दिसतं. तिच्यासमोर मी म्हातारी होते. तुझ्याकडे मी रोज अडतीसचीच असते. बरं वाटायचं गं मला."

मी ओला टॉवेल घडी करून बाजूला ठेवला.

मी करडा कोट आणला. "घाल," म्हटलं. तिनं घातला. खांद्यात बरोबर होता, बाहीत बरोबर होता. मशीनचे काज होते, पण बरोबर होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्याच घरात, शिवणाऱ्या बाईच्या.

"मंगळवारी हिला डॉक्टरकडे ने," बारकी हळूच म्हणाली. "मी वेळ घेऊन ठेवलीय. तुला आज सांगणारच होते."

"नेते. आणि तू जा खाली, दुकानातून माझी टेप आण. वही पण आण, पेन्सिल आण."

"आत्ता?"

"निळा आजच उसवते मी."

तिनं आणलं. आई उभी राहिली. "हात वर कर," मी म्हटलं, आणि तिनं शाळेतल्या पोरीसारखे दोन्ही हात वर केले. जन्मात पहिल्यांदा मी आईच्या अंगाला टेप लावली. पाठीमागून फिरवून पुढे आणली आणि आकडा बघितला. तेहतीस. टेप जराशी सैल सोडून पुन्हा बघितलं. तेहतीसच.

आई माझ्याकडे बघत नव्हती. समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"अडतीस," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

बारकी माझ्या खांद्यावरून वाकली होती. तिनं टेपवर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वहीत तेहतीस लिहिलं.

"लिहिलं, ताई," ती म्हणाली. "अडतीस."